ज्यांच्या छपरावर अँटेना नव्हता

माझे पती आणि मी एकाच वर्षी जन्मलो, १९६६ साली; मी पुण्यात, शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात वाढले आणि ते परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की जगापासून तुटणाऱ्या एका खेड्यात. संसाराची तीन दशके उलटून गेल्यावर आमच्या बहुतेक आठवणी एकमेकांना सांगून सांगून सामाईक झाल्या आहेत. पण माझ्या माहेरी चार माणसे जमली आणि लहानपणच्या दूरदर्शनचा विषय निघाला, की ते गप्प होतात. मावसभाऊ ‘गजरा’ या विनोदी कार्यक्रमातले प्रसंग रंगवून सांगतो, वहिनीला ‘साप्ताहिकी’ ऐकून आठवड्याचे कार्यक्रम उतरवून ठेवायची आपली वही आठवते, कुणाला दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी आठवते, कुणाला बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील आठवतात, आणि मग कुणीतरी हमखास म्हणते, ‘काय दिवस होते! सगळा महाराष्ट्र एकच गोष्ट पाहत होता.’ त्या सगळ्या महाराष्ट्रातला एक माणूस तेव्हा माझ्या शेजारी बसलेला असतो, आणि त्याने त्यातले काहीही पाहिलेले नसते.

ते वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे, आणि उच्चारताना मनापासून उच्चारले आहे. आज मला ते खोटे वाटते. पण ते उशिरा का होईना खरे करता येईल असेही वाटते, आणि ते खरे करणे ही आपल्या पिढीची जबाबदारी आहे, असे माझे म्हणणे आहे. मुंबई दूरदर्शनने पहिल्या पंधरा-वीस वर्षांत जे जे निर्माण केले त्यातले जेवढे आज शिल्लक आहे, तेवढे सगळे नीट सूचीबद्ध करून कुणालाही, कुठूनही, विनामूल्य पाहता आले पाहिजे. आपल्या स्मरणरंजनाची सोय व्हावी म्हणून ही मागणी मी करत नाही. ज्यांना तेव्हा हे पाहता आले नाही त्यांचे हे आपल्याकडे देणे आहे, म्हणून करते.

आधी तेव्हाचा नकाशा डोळ्यांसमोर आणू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र वरळीला २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. पुण्यातल्या छपरांवरचे अँटेने मग एका दिशेने, सिंहगडाकडे, तोंड करून उभे राहिले. या दोन मनोऱ्यांची लहर जिथवर पोहोचत होती तिथवर सत्तरच्या दशकातली मराठी दूरचित्रवाणी होती, त्यापलीकडे ती नव्हती. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ हा प्रसिद्ध प्रयोग झाला आणि देशातल्या सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच पोहोचले. पण त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांबरोबर रंग आले, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला, आणि १९८४ च्या सुमारास देशभर छोटे प्रक्षेपक एवढ्या झपाट्याने उभारले गेले की काही महिने जवळपास रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. पण या छोट्या प्रक्षेपकांवरून सुरुवातीला जे दिसत होते तो प्रामुख्याने दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम होता. शेतकी शिकायला परभणीला गेल्यावर माझ्या पतींनी वसतिगृहातल्या सामायिक खोलीत पहिल्यांदा टीव्ही पाहिला, आणि त्या पडद्यावर त्यांना ‘हम लोग’ भेटले. मराठवाड्यातल्या त्यांच्या वयाच्या कितीतरी माणसांसाठी दूरदर्शन आले ते हिंदीतून. वरळीत तयार झालेला, त्यांच्याच भाषेतला आणि पुष्कळदा त्यांच्यासाठी म्हणून केलेला कार्यक्रम त्यांच्यापर्यंत आलाच नाही, किंवा आला तेव्हा त्याचे दिवस सरत आले होते.

‘त्यांच्यासाठी म्हणून केलेला’ हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरले आहेत. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम आमच्या वाड्यात न चुकता लागत असे, कारण एकच वाहिनी होती आणि संच एकदा सुरू केला की मालक तो कार्यक्रम संपेपर्यंत बंद करत नसत. त्यातल्या ‘गप्पागोष्टी’ आम्हा मुलांना फार आवडत. राजा मयेकरांचे बोलणे आम्ही दुसऱ्या दिवशी एकमेकांना करून दाखवत असू. संकरित ज्वारीचे बियाणे कोणते घ्यावे, कोंबड्यांना रोग पडला तर काय करावे, विहिरीच्या पाण्याचे पाट कसे काढावेत, हे सगळे शुक्रवार पेठेतल्या अशा मुलांनी ऐकले ज्यांच्या घरी तुळशीवृंदावनाएवढीही माती नव्हती. मावळात, मुळशीत, हवेलीत काही गावांना त्याचा लाभ झाला असेल. पण ज्या कोरडवाहू मुलखाला त्या बोलण्याची सर्वांत जास्त गरज होती, तो मुलूख लहरीच्या बाहेर होता.

आणि वर्ष कोणते होते हेही पाहिले पाहिजे. १९७२ म्हटले की मुंबईकरांना दूरदर्शन केंद्राची सुरुवात आठवते. मराठवाड्यातल्या माणसापुढे नुसते ‘बहात्तर’ म्हणा, त्याला दुष्काळाशिवाय दुसरे काही आठवणार नाही. माझे सासरे त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. आयात केलेली तांबडी मिलो ज्वारी घरात आली होती, तिच्या भाकरीचा वास माझ्या पतींना अजून आठवतो. कामावरच्या बायकांच्या मुलांना सुकडी मिळत असे, ती मूठभर सुकडी दिवसभर पुरवून पुरवून खाल्ल्याचेही आठवते. सहा वर्षांच्या मुलाच्या मनात त्या वर्षाचे जे चित्र आहे त्याच्या आसपास कुठेही पडदा नाही, अँटेना नाही, निवेदिका नाही. मी त्यांच्यापुढे ‘आपल्या पिढीचे बालपण’ म्हणते तेव्हा माझ्या बालपणाला सर्वनाम बहुवचनी लावते आणि त्यांचे बालपण त्यातून वगळते. हे मला फार उशिरा कळले, याचे मला दुःख आहे.

वाड्याच्या आतही गोष्ट वेगळी नव्हती. आमच्या वाड्यात टीव्ही आला तो मालकांकडे, १९७४ च्या दिवाळीच्या आधी. लाकडी खोक्याचा, पुढे दोन बाजूंना सरकणारी शटरे असलेला. शटरला कुलूप आणि त्याची किल्ली मालकीणबाईंच्या कमरेला. कुलूप उघडल्याचा आवाज आम्हाला दुसऱ्या मजल्यावर ऐकू येत असे. खोलीत सतरंजी अंथरली जाई. पुढे मुले, मागे बायका, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर पुरुष, आणि दारात उशिरा आलेले. वाड्यातल्या पाच बिऱ्हाडांची धुणीभांडी करणाऱ्या बाई आणि त्यांची माझ्याच वयाची मुलगी उंबरठ्याच्या बाहेर, बोळातल्या पायरीवर बसत. कुणी त्यांना ‘बाहेर बसा’ असे कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हणायची वेळच येत नव्हती, ते ठरलेलेच होते. त्या पायरीवरून पडदा तिरका दिसत असे, आणि उजव्या बाजूचे शटर पुरते सरकवलेले नसले तर अर्धाच दिसत असे. मुलगी एकदा मला हळूच म्हणाली होती, ‘ते शटर जरा पलीकडं सार ना.’ मी उठले आणि सारले. पुढच्या शनिवारी मराठी चित्रपटाच्या वेळी ते पुन्हा तिथल्या तिथे होते, आणि त्या वेळी मी उठले नाही, कारण उठले असते तर पुढची जागा गेली असती.

‘सगळी आळी एका घरात जमून पाहायची’ हे आपण किती सहज म्हणतो. जमायची हे खरे आहे. कोण कुठे बसायचे हे मात्र त्या वाक्यात येत नाही, आणि त्या काळाविषयी आपण जे काही लिहितो त्यातही ते क्वचितच येते. म्हणूनच, त्या एका वाहिनीचा दाखला देऊन आजच्या मुलांना दटावणे मला पटत नाही. एका घरात चार पडदे, प्रत्येकाच्या हातात आपापला फोन, कुणाचे कुणाकडे लक्ष नाही, ही तक्रार मी समजू शकते, काही संध्याकाळी ती माझीही असते. पण आम्ही एकत्र बसत होतो ते आमच्यात फार बंधुभाव होता म्हणून नव्हे, संच एकच होता म्हणून. पुढे प्रत्येक बिऱ्हाडात आपापला संच आला तेव्हा मालकांच्या खोलीत जायचे बंद करायला आम्हाला आठवडादेखील लागला नाही. आणि त्या बाईंच्या नातवाच्या हातात आज स्वतःचा फोन असेल, त्यावर तो समोरून, पूर्ण पडदा पाहत असेल, तर झालेला बदल केवळ ऱ्हासाचा आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

एवढे म्हटल्यावर कुणी विचारील, मग ते जुने कार्यक्रम जपण्याचा एवढा आग्रह कशाला? तर ते कार्यक्रम चांगले होते म्हणून. सगळे नव्हते, पुष्कळ कंटाळवाणे होते, काही केवळ सरकारी होते. पण विनायक चासकरांसारखे निर्माते रंगभूमीवरची उमेदीची माणसे हेरून त्यांना स्टुडिओत आणत होते. आकाशानंदांनी ‘ज्ञानदीप’ नुसता दाखवला नाही, त्याभोवती गावोगाव ज्ञानदीप मंडळे उभी राहिली. लोक कार्यक्रम पाहून पत्रे लिहीत, एकत्र जमून रक्तदानापासून साक्षरतेपर्यंतची कामे हाती घेत. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक-कलावंत निवांतपणे बोलत, मधे जाहिरात नाही, घाई नाही. ‘किलबिल’मधली मुले स्पर्धेसाठी तयार केलेली नसत, ती अडखळत बोलत, आणि त्यांचे अडखळणे तसेच दिसत असे. कामगारांसाठी ‘कामगार विश्व’ होते. आजच्या मराठी वाहिन्यांच्या यादीत गिरणी कामगार, शेतमजूर किंवा नोकरी करणारी साधी बाई प्रेक्षक म्हणून कुणाच्या डोळ्यांपुढे आहे का, हे तपासून पाहावे.

शिवाय त्या चित्रफितींत कार्यक्रमापलीकडचेही पुष्कळ साठलेले असते. पाहुण्याला बोलावले आहे पिकाविषयी बोलायला. पण त्याच्या बोलण्यात त्याच्या भागातली क्रियापदे येतात, अवजारांची नावे येतात, मागे त्याच्या घराची भिंत दिसते, बायकोची नऊवारी नेसण्याची पद्धत दिसते, अंगणातला रांजण दिसतो. पन्नास वर्षांपूर्वीची खानदेशी किंवा मालवणी माणसाची बोली प्रत्यक्ष त्याच्या तोंडून ऐकायची असेल, तर ती आज आणखी कुठे ऐकायला मिळणार? लिहिलेल्या बोलीला हेल नसतो. भाषेला अभिजात दर्जा मिळाला याचा २०२४ मध्ये आपण केवढा आनंद साजरा केला. त्या भाषेचा बोलता आवाज मात्र फितींवर आहे आणि फिती टिकाऊ नाहीत.

फितींची गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण या प्रश्नातली खरी घाई तिथे आहे. सुरुवातीच्या काळात पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. ते कुठे नोंदलेच गेले नाहीत, ते कायमचे गेले. जे मुद्रित झाले तेही सगळे राहिले नाही. चित्रफीत तेव्हा महाग होती, त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की ती पुसून पुन्हा वापरायची, ही रीत जगभरातल्या केंद्रांत होती आणि ती आपल्याकडेही होती. खुद्द बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या गाजलेल्या मालिकांच्या फिती पुसल्या आणि नंतर पश्चात्ताप केला. त्या काळातल्या कुणा एका अधिकाऱ्याला त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. उद्याचा कार्यक्रम कशावर घ्यायचा ही त्याच्यापुढची अडचण खरी होती.

जे पुसले गेले नाही त्याच्यापुढे दुसरे संकट आहे. चुंबकीय फितीवर लोहाच्या संयुगाचे बारीक कण एका चिकट द्रव्याने बसवलेले असतात. दमट हवेत ते द्रव्य पाणी शोषते, कालांतराने विरघळू लागते, फीत चिकट होते, आणि यंत्रावर चढवली की कण खरवडून निघतात, म्हणजे चित्रच निघते. वर्षातले चार महिने भिंतींना ओल येणाऱ्या समुद्रकाठच्या शहरात फिती ठेवायच्या तर तापमान आणि आर्द्रता रात्रंदिवस आटोक्यात ठेवावी लागते. त्यातून फीत चांगली राहिली, तरी ती वाचणारे यंत्र लागते. दोन इंची फीत, एक इंची फीत, यू-मॅटिक, बीटाकॅम, प्रत्येकाचे यंत्र वेगळे. ती यंत्रे आता कुणी बनवत नाही, त्यांचे हेड झिजले की नवे मिळत नाहीत, आणि ती दुरुस्त करू शकणारे तंत्रज्ञ निवृत्त झाले आहेत. युनेस्कोने २०१९ मध्येच जगाला याविषयी सावध केले होते आणि फिती वाचता येण्याचा काळ २०२५ च्या आसपास संपत येईल असे अभ्यासकांचे मत तेव्हा पुढे आले होते. तो काळ आता आलेला आहे. यापुढे घालवलेले प्रत्येक वर्ष काही तासांचे मराठी आवाज कमी करणारे आहे.

इथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की काहीच झालेले नाही असे नाही. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातला काही भाग अंकित, म्हणजे डिजिटल, केला आहे, यूट्यूबवर दूरदर्शनचे आणि सह्याद्री वाहिनीचे जुने कार्यक्रम पाहायला मिळतात, २०२४ मध्ये ‘वेव्ह्ज’ हे स्वतंत्र व्यासपीठही सुरू झाले. या कामाला हात लावणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे. पण निवडक गाजलेले भाग सणावाराला सोडणे वेगळे आणि संग्रह खुला करणे वेगळे. पहिल्या प्रकारात आपल्याला काय आवडेल हे दुसरा कुणी ठरवतो, आणि स्वाभाविकपणे तेच वर येते जे माझ्यासारख्यांना आधीच आठवते. टाळ्या आम्हीच वाजवतो, दृश्यसंख्या आम्हीच वाढवतो. जिंतूरच्या शेतकऱ्याची मुलाखत त्यात वर येत नाही, कारण तिची आठवण काढणारे कुणी नाही. ज्यांनी काढली असती त्यांच्या छपरावर अँटेनाच नव्हता.

हक्काचा मुद्दा मला सर्वांत बळकट वाटतो. वडिलांच्या कागदांत मला टीव्हीच्या लायसन्सची पुस्तिका सापडली. आमचा स्वतःचा संच आम्ही १९७९ मध्ये घेतला, त्याची ती. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेत तिकिटे चिकटवून त्यावर शिक्का घ्यायचा. एका पानावर शिक्क्याची शाई तिकिटाबाहेर फाकली आहे, आणि बाजूला वडिलांनी पेन्सिलीने पुढच्या वर्षीची तारीख लिहून ठेवली आहे. त्या पुस्तिकेपुरता विचार केला तर ते कार्यक्रम माझ्या वडिलांच्या पैशांतून झाले आणि त्यांच्यावर आमचा हक्क आहे असे मी म्हणू शकेन. पण परवान्याच्या पैशांवर मनोरे उभे राहत नव्हते. केंद्राचा खर्च सरकारी तिजोरीतून होत होता आणि त्या तिजोरीत काडेपेटीवरचा, साबणावरचा, रॉकेलवरचा कर भरणाऱ्या प्रत्येकाचा पैसा होता. खडी फोडून आलेल्या मजुरीतून माझ्या सासऱ्यांनी काडेपेटी घेतली तेव्हा त्यांनीही ‘गजरा’साठी पैसे दिले, आणि त्यांना तो कधीही दिसला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. लहर सार्वजनिक, पैसा सार्वजनिक, मग त्या पैशातून त्या लहरीवर सोडलेली गोष्ट बंद खोलीत का असावी?

कायद्याने तरी काय सांगितले आहे ते पाहावे. पुस्तकासाठी आपण १९५४ सालीच कायदा केला. प्रकाशकाने प्रती ठरलेल्या ग्रंथालयांना दिल्याच पाहिजेत, त्यात मुंबईतले मध्यवर्ती ग्रंथालय आहे. कुणी न वाचलेली कवितांची पुस्तिकाही त्यामुळे कुठेतरी राहते. चित्रपटांसाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. दूरचित्रवाणीला त्या १९५४ च्या कायद्यात जागा नव्हती, तेव्हा ती देशात आलीच नव्हती; पण नंतरच्या सत्तर वर्षांत तिच्यासाठी तशी तरतूद करावी हे आपल्याला सुचायला हवे होते. फ्रान्सने ते केले. तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेचे १९७५ मध्ये विभाजन झाले तेव्हा संग्रहासाठी ‘इना’ ही स्वतंत्र संस्था निघाली. १९९२ च्या कायद्याने रेडिओ-दूरचित्रवाणीचे कार्यक्रम जमा करणे बंधनकारक झाले. आणि २००६ मध्ये त्या संग्रहाचा मोठा भाग लोकांना घरबसल्या पाहता येऊ लागला. फ्रान्सएवढा पैसा आपल्याकडे नाही, हे मान्य. पण तिथे आधी कायदा झाला आणि पैसा त्याच्या मागून आला, हा क्रम आपण घेऊ शकतो.

आपल्याकडे मात्र हिशेब उलटा बसला आहे. स्वामित्वहक्काच्या कायद्यानुसार शासनाच्या कृतीवरचा हक्क ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९७२ च्या ऑक्टोबरातला कार्यक्रम २०३३ साली मुक्त होईल. साठ वर्षे चांगली राहील अशी फीत तेव्हा बनत नव्हती. कायद्याचे कुलूप उघडेल तेव्हा आत काहीच नसेल, अशी ही व्यवस्था आहे.

कलावंतांच्या हक्काचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. त्या काळी नाममात्र मानधनावर कामे करणारे कितीतरी अभिनेते, गायक, वादक आज वयोवृद्ध आहेत; त्यांचे काम जगभर फुकट दिसणार आणि त्यांना काही मिळणार नाही, हे योग्य नाही. माझ्या मते व्यापारी वापरासाठी शुल्क घ्यावे आणि त्यातला ठरलेला वाटा कलावंतांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या कल्याणनिधीत जावा. अभ्यास, शिक्षण आणि घरगुती पाहणे मात्र मुक्त असावे. हे अवघड आहे, कारण करारपत्रे सापडणार नाहीत, पण अवघड असणे हे फीत कुजू देण्याचे कारण होऊ शकत नाही. अंकित करून सुरक्षित ठेवायला कुणाची हरकत नसते. दाखवण्याचा वाद नंतरही सोडवता येतो.

दुसरा आक्षेप उघडपणे कुणी घेत नाही, पण तो असतो. जुन्या संग्रहात केवळ गोड गोष्टी नाहीत. त्यात आणीबाणीतल्या बातम्याही आहेत. दूरदर्शन तेव्हा सरकारचा आवाज होते आणि तो आवाज आम्ही दर संध्याकाळी, चेहऱ्यावर काही न आणता, घराघरांत ऐकला. सभ्य, शुद्ध, घरातल्यासारखे वाटणारे वृत्तनिवेदन, आणि त्यात तुरुंगात असलेल्या माणसांचा उल्लेख नाही. आपल्या आठवणीतून हा भाग किती सफाईने निघून गेला आहे! निवेदकांचे उच्चार आठवतात, निवेदनात काय नव्हते ते आठवत नाही. जे जपायचे ते हेही जपायचे, किंबहुना हे आधी जपायचे, कारण गजऱ्याची आठवण काढणारे पुष्कळ आहेत आणि याची आठवण काढणारे थोडे.

कामाची सुरुवात सूचीपासून व्हावी असे मला वाटते. प्रत्येक उरलेल्या फितीची एक ओळ: तारीख, कार्यक्रमाचे नाव, बोलणाऱ्याचे नाव, गाव, विषय. चित्र अजून अंकित झाले नसले तरी चालेल, पण काय आहे हे लोकांना कळले पाहिजे. मग कोणत्या गावाला, कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या घराण्याला काय हवे ते मागता येईल आणि त्या मागणीतून कामाचा क्रम ठरेल. राज्य शासनाने केवळ केंद्राकडे बोट दाखवू नये. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे आहे, अंकित झालेला संग्रह त्या ग्रंथालयांच्या संगणकांवर पाहण्याची सोय राज्याला सहज करता येईल. आणि घराघरांतल्या माळ्यांवरही शोधले पाहिजे. ऐंशीच्या दशकात ज्यांनी व्हीसीआर घेतले त्यांनी टीव्हीवरचे कार्यक्रम मुद्रित करून ठेवले आहेत, त्याआधी काहींनी टेपरेकॉर्डर संचासमोर धरून नुसता आवाज टिपला आहे. बीबीसीचे हरवलेले काही कार्यक्रम असेच लोकांच्या घरांतून आणि परदेशी केंद्रांतून परत मिळाले. मुंबई, पुणे, नाशिक इथल्या कितीतरी माळ्यांवर बुरशी धरलेल्या कॅसेटी असतील. घर पुनर्विकासाला जाते तेव्हा त्या पहिल्यांदा टाकल्या जातात. त्या टाकण्याआधी कुणाकडे द्याव्यात, असा एक पत्ता असायला हवा.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी संगणकावर जुन्या शेतीविषयक कार्यक्रमाचा तीन-चार मिनिटांचा तुकडा लावला होता. कुणी टाकला, कुठून मिळवला, काही लिहिलेले नव्हते. कृष्णधवल चित्र, वरच्या कडेला सतत थरथरणारी एक रेघ. डोक्याला मुंडासे बांधलेला एक शेतकरी तिफणीजवळ उभा राहून पेरणीविषयी सांगत होता, आणि बोलता बोलता चाड्यात बी कसे सोडायचे ते हाताने करून दाखवत होता; अंगठा आणि दोन बोटे, मनगट किंचित आत वळवलेले. माझे पती वर्तमानपत्र वाचत होते. आवाज कानावर पडताच ते उठून आले आणि त्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. ‘दादा असंच धरायचे,’ ते म्हणाले. बोलणारा माणूस कोण, गाव कोणते, साल कोणते, पडद्यावर कुठेही नव्हते. भाषा आपल्याकडची आहे, परभणी नाहीतर हिंगोलीकडची, असे त्यांचे मत पडले. साल ओळखायचे म्हणून ते बैलांकडे, जुवाकडे, मागच्या बांधाकडे बारकाईने पाहत राहिले. शेवटी त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे नांगरलेल्या रानाच्या सखल भागात आभाळ चकाकत होते.

‘पाणी साचलंय बघ,’ ते म्हणाले. ‘हे बहात्तर नाही.’